डोलकाठीला गुंडाळलेले निशाण

१४ डिसेंबर १९६१ रोजी लिस्बनहून पणजीला एक संदेश आला. पाठवणारे होते पोर्तुगालचे हुकूमशहा पंतप्रधान आंतोनियो सालाझार, आणि तो होता गोव्याचे गव्हर्नर जनरल मान्युएल आंतोनियो वासालो इ सिल्वा यांच्यासाठी. भारतीय फौजा सीमेवर येऊन थांबल्या होत्या. आक्रमण होणार हे पणजीतल्या कारकुनालाही कळत होते. अशा वेळी सालाझारनी कळवले की संपूर्ण बलिदानाची तयारी ठेवा. युद्धविराम होईल किंवा पोर्तुगीज सैनिक कैदी होतील असे मला दिसत नाही, शरणागतीचा तर प्रश्नच नाही. आपले सैनिक आणि खलाशी जिंकतील किंवा मरतील. निदान आठ दिवस टिकाव धरा, तेवढ्यात आम्ही जगाला आपल्या बाजूने उभे करतो.

पांढरे निशाण दाखवायचे नाही, असा हा हुकूम होता. तो देणारा माणूस रणभूमीपासून हजारो किलोमीटर दूर बसलेला होता.

गोवामुक्तीची लष्करी कहाणी मराठी वाचकाला साधारण ठाऊक असते: ऑपरेशन विजय, दीड दिवसाची लढाई, १९ डिसेंबर. परंतु त्या दीड दिवसात पांढऱ्या निशाणाचे काय झाले, ते कुणी उभारले, कुणाला दिसले आणि कुणी त्यावर विश्वास ठेवला, या बाजूने ती फारशी सांगितली गेलेली नाही. तशी पाहिली तर ती सैन्यबळाची कमी आणि अधिकाराची अधिक वाटते. हार मानण्याचा अधिकार नेमका कुणाचा, हा त्यातला प्रश्न आहे.

युद्धाच्या कायद्यात पांढऱ्या निशाणाचा पहिला अर्थ शरणागती नाही. १८९९ आणि १९०७ च्या हेग नियमांनुसार हे निशाण घेऊन येणारा माणूस फक्त बोलणी करायला येतो. त्याच्यावर आणि त्याच्याबरोबरच्या शिंगवाल्यावर, ढोलवाल्यावर, निशाणधाऱ्यावर, दुभाष्यावर हत्यार चालवता येत नाही. त्याला भेटलेच पाहिजे अशी सक्ती मात्र समोरच्या सेनापतीवर नाही. या निशाणाचा गैरवापर करून शत्रूला फसवणे याच नियमांनी निषिद्ध ठरवले आहे. अर्थात नियम कागदावर येण्याआधी हा रिवाज कित्येक शतके चालत आला होता. झामाच्या लढाईत हरल्यावर कार्थेजचे जहाज लोकरीच्या पट्ट्या आणि ऑलिव्हच्या फांद्या बांधून रोमन सेनापती स्किपिओला सामोरे गेले, असे रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो. ग्रोशियसने १६२५ मध्ये युद्ध आणि शांततेच्या कायद्यावर ग्रंथ लिहिला, तेव्हा पांढरे निशाण ही बोलण्याची न बोलता केलेली मागणी आहे हे त्याने गृहीतच धरले. कापड पांढरेच का, याची फार खोल कारणे शोधण्यात अर्थ नाही. न रंगवलेले कापड कुठल्याही छावणीत सापडते आणि धुरातूनही दिसते. अमेरिकन यादवी युद्धाच्या शेवटी, १८६५ मध्ये ॲपोमॅटॉक्सला दक्षिणेच्या सैन्याने भांडी पुसायचे फडकेच काठीला बांधले होते.

मात्र सगळीकडे पांढरे म्हणजे शांतता असेही नव्हते. उमय्यद खलिफांचे झेंडे पांढरे होते. फ्रान्सच्या बुर्बों राजांच्या युद्धनौका पांढऱ्या निशाणाखालीच लढत. म्हणजे अठराव्या शतकात माहे किंवा पुदुच्चेरीसमोर पांढरे निशाण फडकवत आलेले जहाज बोलणी करायला आले आहे असे समजून कुणी निवांत राहिला असता, तर त्याची खैर नव्हती.

पोर्तुगीजांच्या भारतातल्या कारकिर्दीच्या सुरुवातीलाच असे एक निशाण येते. गास्पार कोरिया हा बखरकार सोळाव्या शतकाच्या मध्याला लिहितो की १५०२ मध्ये वास्को द गामा दुसऱ्यांदा कालिकतवर आला, तेव्हा तिथल्या राजाने, झामोरिनने, काठीला पांढरे कापड बांधून बोलणी करणारी माणसे पाठवली. कोरियाने हे प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते, पण शांततेची खूण म्हणून पांढरे कापड ही गोष्ट त्याला आणि त्याच्या वाचकांना समजावून सांगावी लागत नव्हती. बोलणी फिसकटली. गामाने कालिकतवर तोफा डागल्या.

दुसरा प्रसंग वसईचा. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजेने सुरुंग लावून तट फोडला आणि किल्ल्यातली पोर्तुगीज शिबंदी खचली. मग बोलणी झाली आणि कलमे ठरली. पोर्तुगीजांना किल्ला सोडायला आठ दिवसांची मुदत मिळाली. शस्त्रांसह, निशाणे फडकवत, ढोल वाजवत बाहेर पडण्याचा मान मिळाला. मागे राहणाऱ्यांना धर्म पाळण्याची मुभा मिळाली. हजारो माणसे मेली होती, तरी हरलेल्याला अपमान न करता जाऊ देणे हा व्यवहार दोन्ही बाजूंना पटत होता. वसईच्या चर्चमधल्या घंटा नंतर महाराष्ट्रातल्या देवळांत टांगल्या गेल्या, भीमाशंकरची घंटा त्यांतलीच. म्हणजे विजयाची खूणगाठ मराठ्यांनी ठेवली, पण माणसांना वाट दिली. त्या किल्ल्यातल्या पोर्तुगीज अधिकाऱ्याला लिस्बनला विचारायला सवड नव्हती. जहाज जाऊन यायला वर्षाहून अधिक काळ लागत असे. निर्णय त्यालाच घ्यावा लागला. आठ दिवसांचा आकडा १९६१ मध्येही आला, पण वसईत तो निघून जाण्यासाठी होता आणि सालाझारच्या हुकुमात मरण्यासाठी.

सालाझार एवढे का हटून बसले होते? १९४७ नंतर भारताने गोव्याबद्दल बोलणी मागितली, तेव्हा लिस्बनने ती विषयपत्रिकेवरच घेतली नाही. १९५१ मध्ये घटना बदलून वसाहतींना सागरपार प्रांत असे नाव दिले आणि गोवा हा पोर्तुगालचाच भाग आहे, मग बोलायचे काय, असा पवित्रा घेतला. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली हातातून गेली. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रही गोव्यात शिरले आणि त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. त्या सत्याग्रहींत महाराष्ट्रातून गेलेले पुष्कळ होते. तरीही नेहरू बळ वापरायला सहा वर्षे तयार नव्हते. १९६१ च्या सुरुवातीला अंगोलात उठाव झाला आणि पोर्तुगालचे सैन्य आफ्रिकेत गुंतले. गोव्याबद्दल बोललो तर उद्या अंगोला, मोझांबिकबद्दलही बोलावे लागेल, ही सालाझारची भीती होती. ती चुकीची नव्हती. तिच्यावर काढलेला तोडगा चुकीचा होता. नोव्हेंबर १९६१ मध्ये अंजदीव बेटाजवळून जाणाऱ्या साबरमती या प्रवासी बोटीवर पोर्तुगीज सैनिकांनी गोळीबार केला. एक प्रवासी मेला, बोटीचा मुख्य इंजिनिअर जखमी झाला. दिल्लीत उरलासुरला संयमही संपला.

वासालो इ सिल्वा लष्करी अभियंता होते. गोव्यात आपल्याजवळ काय आहे याचा हिशेब त्यांना पक्का ठाऊक होता. साधारण साडेतीन हजार सैनिक, जुनी शस्त्रे, लढाऊ विमान एकही नाही, आणि एकच मोठी युद्धनौका, ‘अफोन्सो द आल्बुकर्क’. समोर मेजर जनरल के. पी. कँडेथ यांची १७ वी डिव्हिजन, ब्रिगेडियर सगतसिंग यांची ५० वी पॅराशूट ब्रिगेड, हवाई दल आणि नौदल. रणगाडाविरोधी ग्रेनेडसाठी सांकेतिक शब्द म्हणून ‘चोरीस’ (मांसाचे सॉसेज) ठरला होता, आणि तातडीच्या मागणीला उत्तर म्हणून लिस्बनहून विमानाने खरेखुरे चोरीस आले, ही गोष्ट गोव्यात आजही हसत हसत सांगतात. ती तंतोतंत खरी असो वा नसो, दूरवरच्या सरकारचे आणि इथल्या शिबंदीचे नाते ती अचूक सांगते. गव्हर्नरनी पहिली अवज्ञा लढाईपूर्वीच केली. बंदरात आलेल्या ‘इंडिया’ या जहाजातून त्यांनी सुमारे सातशे युरोपीय नागरिकांना लिस्बनला जाऊ दिले. लिस्बनची इच्छा तशी नव्हती.

१८ डिसेंबरच्या पहाटे भारतीय फौजा तिन्ही बाजूंनी आत शिरल्या. ठरलेल्या योजनेप्रमाणे पोर्तुगीज मागे सरताना पूल उडवत गेले. सकाळी कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले आणि हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केले. पुढच्या सगळ्या घटनांवर या दुसऱ्या हल्ल्याचा परिणाम झाला. लिस्बनशी बोलायला आता ‘अफोन्सो’वरचा रेडिओच उरला. शिवाय गव्हर्नरचा आवाज त्यांच्या स्वतःच्या ठाण्यांपर्यंतही धड पोहोचेना.

दुपारी बाराच्या सुमारास ‘बेतवा’ आणि ‘बिआस’ या भारतीय फ्रिगेट मुरगाव बंदराकडे वळल्या. तोफा डागताना मधूनमधून त्या मोर्सच्या संकेतांत शरण या असे कळवत होत्या. ‘अफोन्सो’चा कप्तान आंतोनियो द कुन्हा आरागाव याने नांगर उचलला, तोंड वळवले आणि उत्तर दिले. १९३० च्या दशकात बांधलेले जहाज नव्या, जलद मारा करणाऱ्या तोफांसमोर उभे होते. साडेबाराच्या आधीच एक गोळा जहाजावर फुटला. रेडिओ अधिकारी ठार झाला, कप्तान गंभीर जखमी झाला, आणि सूत्रे दुसऱ्या क्रमांकाच्या अधिकाऱ्याकडे गेली. इंजिन निकामी होत चालले होते. १२ वाजून ३५ मिनिटांनी जहाज वळवून बांबोळीच्या किनाऱ्यावर रुतवण्यात आले.

याच वेळी जहाजावर पांढरे निशाण चढले. ते कप्तानाच्या आज्ञेविरुद्ध चढले. संकेतविभागाच्या सार्जंटने परस्पर तसे सांगितले होते. निशाण वर गेले आणि डोलकाठीलाच गुंडाळले गेले. समोरच्या नौकांना ते दिसले नाही, गोळे येत राहिले. मग ते लगेच उतरवण्यातही आले. सुमारे चारशे गोळे डागून झाल्यावर जहाज सोडण्याचा हुकूम निघाला, खलाशी माऱ्यातून किनाऱ्यावर उतरले, शेवटच्या तुकडीने जखमी कप्तानाला बरोबर घेतले आणि जहाजाला आग लावली. ‘अफोन्सो’वर पाच जण मेले, तेरा जखमी झाले.

या प्रसंगाकडे योगायोग म्हणून पाहता येते: निशाण नीट फडकले असते तर दोन-चार जीव वाचले असते. पण तसे झाले असते तरी त्या निशाणाला किंमत किती होती? जहाजाचा कप्तान लढत होता आणि त्याचा एक सार्जंट शरण जात होता. भारतीय नौकांनी ते पाहून तोफा थांबवल्या असत्या आणि पुढच्या क्षणी ‘अफोन्सो’च्या तोफा धडाडल्या असत्या, तर तो विश्वासघात ठरला असता. प्रत्यक्षात ती फक्त जहाजावरची बेबंदशाही असती. पांढऱ्या निशाणामागे एकच आवाज असावा लागतो. सालाझारच्या हुकुमामुळे तो आवाज प्रत्येक ठाण्यावर, प्रत्येक माणसाच्या मनात दुभंगला होता.

कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर त्याच दुपारी नेमके हेच झाले असावे. ‘म्हैसूर’ आणि ‘त्रिशूल’ या नौकांच्या आडोशाने लेफ्टनंट अरुण ऑडिट्टो यांच्या हाताखालची नौसैनिकांची तुकडी बेटावर उतरली. बेटावर पांढरे निशाण दाखवले गेले आणि त्यानंतर उतरणाऱ्या माणसांवर गोळीबार झाला, असे भारतीय नौदलाच्या बाजूने सांगितले जाते. सात नौसैनिक मारले गेले, एकोणीस जखमी झाले. गोवामुक्तीत भारतीय नौदलाला याहून मोठी हानी दुसरीकडे कुठे झाली नाही. आपल्याकडे हा प्रसंग दगाबाजी म्हणूनच नोंदला गेला आहे आणि ज्यांची माणसे गेली त्यांनी दुसरे काही म्हणावे अशी अपेक्षा करता येत नाही. तरी मला वाटते की एका खडकामागच्या सैनिकाने कापड दाखवले आणि दुसऱ्या खडकामागच्याला शेवटपर्यंत लढण्याचा हुकूम आठवत होता, ही शक्यता अधिक आहे. नौकांच्या जोरदार माऱ्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारी बेट ताब्यात आले. बेटावरच्या शिबंदीतला एक गोमंतकीय शिपाई तर पोहत भारताच्या किनाऱ्यावर गेला आणि २२ डिसेंबरला, शरणागती होऊन तीन दिवस उलटल्यावर, पकडला गेला.

दमणला लढाईचे तोंड मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनने उघडले. तिथल्या पोर्तुगीजांनी पहिला दिवस नेटाने काढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रे ठेवली. पण शरणागती गव्हर्नरकडूनच घेऊ, दुय्यम अधिकाऱ्याकडून नाही, असा भारतीय बाजूचा आग्रह होता. गव्हर्नर कोश्ता पिंतु जखमी होऊन पडले होते. त्यांना स्ट्रेचरवरून विमानतळावर आणावे लागले. या आग्रहात थोडी निष्ठुरता दिसते, पण अंजदीवचा अनुभव शेजारी ठेवला की त्यातला शहाणपणाही दिसतो. दीवमध्ये गोव्याशी आणि लिस्बनशी संपर्कच तुटला होता. तिथल्या अधिकाऱ्यांनी १८ तारखेच्या संध्याकाळी आपसांत बैठक घेतली, आता बचाव शक्य नाही असे ठरवले आणि दुसऱ्या दिवशी शरणागती दिली. वसईच्या किल्लेदाराची परिस्थिती त्यांच्यावर आपोआप आली होती.

१८ च्या संध्याकाळपर्यंत भारतीय तुकड्या बेतीला, मांडवीच्या अलीकडच्या काठावर पोहोचल्या होत्या. नदीपलीकडे पणजी. रात्री ७ व्या कॅव्हलरीचे मेजर शिवदेवसिंग सिद्धू आग्वाद किल्ल्याकडे गेले, कारण तिथे गोव्याचे राजकीय कैदी डांबलेले होते. किल्ल्यातल्या शिबंदीला शरण जाण्याचा हुकूम अजून मिळाला नव्हता. तिने गोळीबार केला. मेजर सिद्धू आणि कॅप्टन विनोद सेहगल तिथे पडले. पुढच्या सकाळी साडेसातला दोन तुकड्या मांडवी ओलांडून पणजीत शिरल्या तेव्हा एक गोळीही झाडावी लागली नाही. शहरात शिरताना शिपायांनी पोलादी शिरस्त्राणे काढून पॅराशूट रेजिमेंटच्या तांबड्या बेरे टोप्या घालाव्यात, असा सगतसिंगांचा हुकूम होता.

आता उरला होता मुरगावचा टापू. दोन हजारांवर पोर्तुगीज सैनिक वास्को द गामा शहराच्या तोंडाशी, आल्पार्केइरोसच्या छावणीत जमले होते. योजनेनुसार इथे शेवटची झुंज द्यायची होती आणि शहराची राखरांगोळी झाली तरी माघार घ्यायची नव्हती. वासालो इ सिल्वांनी दारूगोळा, अन्नसाठा आणि शहरातली माणसे यांचा हिशेब केला आणि आपल्या सगळ्या तुकड्यांना कळवले की जमीन, समुद्र आणि आकाश या तिन्ही बाजूंच्या माऱ्यापुढे हा टापू टिकणार नाही, वास्कोच्या रहिवाशांचे प्राण मोठ्या प्रमाणावर गेल्याशिवाय लढाई चालू ठेवता येणार नाही, म्हणून शत्रूशी संपर्क साधत आहे, गोळीबार थांबवा. लिस्बनचा हुकूम म्हणजे निरर्थक बलिदान होते, असे त्यांनी पुढे म्हटले. १९ डिसेंबरच्या रात्री साडेआठला सही झाली. ‘अफोन्सो’च्या खलाशांचीही रीतसर शरणागती त्याच वेळी झाली. १५१० पासूनची सत्ता संपली.

भारताचे २२ आणि पोर्तुगालचे सुमारे ३० सैनिक या मोहिमेत मेले. ४,६६८ माणसे कैद झाली. दोन-तीन दिवसांनी ‘बेतवा’चे कमांडर पणजीच्या इस्पितळात कप्तान आरागाव यांना भेटायला गेले, ही गोष्टही या हिशेबात धरायला हवी.

सालाझारना हवे असलेले आठ दिवस मिळाले असते तर काय झाले असते? १८ डिसेंबरलाच संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचा ठराव आला. त्याला सात मते पडली, चार विरोधात गेली, आणि सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला. म्हणजे ज्या मदतीसाठी वेळ काढायचा होता तिचा दरवाजा पहिल्याच दिवशी बंद झाला होता. वासालो इ सिल्वांना नायक करण्याची गरज नाही. ते वसाहतीचे प्रशासक होते, पूल त्यांच्याच योजनेनुसार उडाले आणि आग्वादचे कैदी त्यांच्याच राजवटीचे होते. पण मुरगावात आणखी सहा दिवस लढाई झाली असती तर मेले असते ते मुख्यतः वास्कोतले गोमंतकीय, ज्यांना या हुकुमाबद्दल कुणी विचारले नव्हते.

कैद्यांच्या हालांना मात्र लिस्बनही जबाबदार होते. शरण गेलेले सैनिक परत घेण्याची सालाझारना घाई नव्हती. माणसे मे १९६२ पर्यंत गोव्यातल्या छावण्यांत पडून राहिली. शेवटी कराचीमार्गे ती मायदेशी पोहोचली, तेव्हा लिस्बनच्या धक्क्यावर स्वागताला बंदुका रोखलेले लष्करी पोलिस होते. १९६३ मध्ये वासालो इ सिल्वांना भ्याडपणाचा ठपका ठेवून सैन्यातून काढून टाकण्यात आले. अवज्ञेची शिक्षा त्यांना झाली, पण तिचा बोध आफ्रिकेतल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी घेतला. पुढची तेरा वर्षे अंगोला, गिनी आणि मोझांबिकमध्ये जिंकता न येणारी आणि थांबवताही न येणारी युद्धे लढताना, पराभवाचा दोष सरकार आपल्या माथी मारणार हे त्यांना गोव्यावरून कळले होते. एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनमध्ये सत्ता उलथवली ती विरोधी पक्षांनी नाही, याच सैन्यातल्या कप्तानांनी.

त्यानंतर वासालो इ सिल्वांचा हुद्दा त्यांना परत मिळाला. १९८० मध्ये ते गोव्यात येऊन गेले आणि लोकांनी त्यांचे आपुलकीने स्वागत केले. त्याआधी, ३१ डिसेंबर १९७४ ला, गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य करणारा करार नवी दिल्लीत झाला. पोर्तुगालतर्फे मारियो सोआरेश यांनी सही केली आणि भारतातर्फे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी, जे १९६१ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. मुरगावात तेरा वर्षांपूर्वी झालेली सही लिस्बनने तेव्हा कुठे मान्य केली.